प्रस्थानाची बॅग

माझ्या बायकोचा एक नियम होता. प्रवासाला म्हणून घराबाहेर पडलेली बॅग अर्ध्यातून परत घरात यायची नाही. माणूस गावाला जाऊन आला आणि त्याच्याबरोबर बॅग आली तर ठीक. पण निघाली आणि गावाला न पोचता फिरली, तर ती बॅग वाईट.

हे तिने कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ उत्तरेकडे नोकरीला निघाला होता. स्टेशनावर गेला, गाडी चुकली, बॅग घेऊन घरी आला, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी तीच बॅग उचलली आणि बसने गेला. ती बस पुलावरून खाली पडली. काही दिवसांनी पोलिसांनी बॅग घरी पोचवली. आतले शर्ट इस्त्रीचे, एकाचीही घडी मोडली नव्हती. सासूबाई ती बॅग मांडीवर घेऊन बसलेल्या मी पाहिल्या आहेत. आमचं लग्न नुकतंच झालेलं. बायको रडली नाही. एवढंच म्हणाली, "पहिल्या वेळी आत घ्यायलाच नको होती."

मी हे मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. मद्रासला टी. नगरच्या एका साडीच्या दुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकापुढे रेशमी साड्या उलगडायच्या आणि ते गेलं की परत घड्या घालायच्या, यात माझा जन्म गेला. राहुकाळात साडी घेऊ नये म्हणणाऱ्या बायका राहुकाळात येऊन अस्क्या साड्या बघून ठेवायच्या आणि तो संपला की पैसे द्यायच्या, हे मी रोज बघायचो. आम्ही तंजावरचे मराठी. 'सगळ्या' म्हणायला आमच्याकडे 'अस्क्या' म्हणतात, तिकडच्या, महाराष्ट्रातल्या लोकांना हसू येतं, येऊ दे. लिहायची मराठी मला वडिलांनी आरत्यांच्या पुस्तकावरून शिकवली. शाळा तमिळ होती. तेव्हा लिहिण्यात कमीजास्त असेल ते वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आम्हाला एकच मुलगी. ऐंशीच्या पुढची गोष्ट, मद्रासचं चेन्नई व्हायला अजून बराच अवकाश होता. आम्ही वेस्ट मांबलमला पहिल्या मजल्यावर भाड्याने राहायचो. मुलगी प्लस वनला, म्हणजे अकरावीला होती. परीक्षा संपत आली आणि उन्हाळ्यात पोरीने काय करायचं यावर घरात बोलणी सुरू झाली.

मला विचाराल तर टायपिंग. आमच्या रस्त्यावरच्या अस्क्या मुली सुट्टीत टायपिंगला जायच्या. खालीच इन्स्टिट्यूट होती, दुपारभर त्या मशिनांचा कडकडाट वर ऐकू यायचा. टायपिंग आलं की ऑफिसात नोकरी, नोकरी आली की लग्न जमायला सोपं. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, मतही तेच. शाळेत बारावीसाठी सुट्टीतले जादा वर्ग निघणार होते, तेही एक होतं. इंजिनियर व्हायचं असेल तर ते कर, असं शेजारचे म्हणायचे.

मग एका रविवारी तिच्या गणिताच्या टीचर घरी आल्या. उन्हातून चालत आलेल्या. ताक घेतलं आणि पिशवीतून एक छापील कागद काढला. बेंगळूरला एक मोठी संस्था आहे, ती दर मे महिन्यात दक्षिणेतल्या शाळांतून थोडी मुलं निवडते, महिनाभर तिथे ठेवून घेते, आणि मोठे प्रोफेसर त्यांना गणित शिकवतात. फी नाही. जेवणखाण त्यांचं.

"बारावीच्या परीक्षेला उपयोगी आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"मग इंजिनियरिंगच्या?"

"नाही."

"मग कशासाठी?"

"गणितासाठी, सार," टीचर म्हणाल्या.

मला वाटलं बाईंना ऊन लागलं. पण बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्याकडे मी बघितलं आणि गप्प बसलो. ती एसएसएलसी, म्हणजे मॅट्रिक पास. पुढे शिकायचं होतं, बापाने शिकवलं नाही, माझ्या गळ्यात बांधली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण त्या दिवशी तिचा चेहरा असा झाला की कुणीतरी तिचंच नाव घेऊन हाक मारली आहे.

संध्याकाळी अक्का आली. तिला कळायला वेळ लागायचा नाही.

"पोरीला महिनाभर परक्या गावात ठेवणार? कशाला? गणिताला?"

"हो," बायको म्हणाली.

"मग येताना जावई तरी आणील का? का नुसताच पाढा म्हणत येईल?"

"आणला तर तुम्हालाच आधी दाखवीन, अक्का. तुम्ही नापास केलात की परत पाठवू."

अक्का हसली, पण जाताना जिन्यात मला म्हणाली, "अरे, हिच्या भावाचं विसरलास का? यांच्या घराला लांबचा प्रवास सोसत नाही. बघ बाबा." हे ती मला सांगत होती, पण आवाज असा की वर ऐकू जावं. वर ऐकू गेलं. बायको दार लावताना कडी दोनदा बघत होती.

अर्ज म्हणजे मी समजत होतो नाव, गाव, सही. तसं नव्हतं. त्याबरोबर गणितं यायची, ती घरी बसून सोडवायची, कुणाला विचारायचं नाही. टीचरने बजावून सांगितलं, "कुणाचीही मदत नको." मी म्हटलं, "टीचर, आमच्या घरात विचारणार कुणाला? पालीला?"

ते दिवस पाण्याच्या टंचाईचे. रस्त्यावरच्या पंपाला वारा यायचा, पाणी नाही. पाण्याची लॉरी आली की घागरी घेऊन पळायचं. एरवी हे काम मुलीचं. आता बायको जायची, एकटी, दोन खेपांच्या जागी चार. मुलगी खिडकीखाली फरशीवर पालथी पडून कागद भरायची. मधेच उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मी म्हणायचो, "काय गे, भिंतीत काय आहे?" ती ऐकायचीच नाही. बायको मला खुणेने गप्प करायची. घरात कुणी आजारी असताना करतात तसं.

एक गणित तिला सुटलं नाही. आठवडाभर नाही सुटलं. तिने तसंच लिहिलं, की मी इथपर्यंत आले, इथे अडले, आणि अडण्याचं कारण मला हे वाटतं. मी म्हटलं, "न आलेलं कशाला दाखवतेस? दुकानात फाटका पदर कुणी वर ठेवतं का?" टीचरने बघितलं आणि म्हणाल्या, "हेच बघतील ते. राहू दे."

अर्जाच्या शेवटी आईबापाने दोन ओळी लिहायच्या होत्या, मुलीला का पाठवता म्हणून. बायको सांगणार, टीचर इंग्रजीत लिहिणार, खाली माझी सही, असं ठरलं.

"काय लिहू?" टीचरने विचारलं.

बायकोने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "लिहा की घरात ठेवून हिचं काही होणार नाही."

टीचरने वर बघितलं. "असं?"

"असंच."

टीचर लिहीत होत्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर, ट्यूबलाइटच्या मागे पाल चुकचुकली. तमिळ घरात काय, आमच्या घरात काय, पाल कुठल्या दिशेला बोलली हे बघतात. बायकोने बघितलं. पाकीट त्या दिवशी पोस्टात गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन टाकून आली, आणि पेटीच्या तोंडात हात घालून ते नीट आत पडलं का हे बघून आली.

निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा मुलगी नाचली. बायकोने पत्र देवापुढे ठेवलं, कुंकू लावलं, आणि मग पंचांग घेऊन बसली. तिथून गडबड सुरू झाली. वर्ग सोमवारी सकाळी सुरू होणार. म्हणजे रविवारी पोचायला हवं, त्याआधी तिथे राहायची सोय नाही. रविवारी पश्चिमेला जाऊ नये, दिशाशूल. बेंगळूर मद्रासच्या पश्चिमेला. शुक्रवारी पश्चिमच वाईट. वर कत्तिरी चालू, म्हणजे मे महिन्यातले ते आगीचे दिवस, ज्यात इकडे कुणी चांगलं काम काढत नाही.

"तिथल्या प्रोफेसरांना सांग की वर्ग मंगळवारी ठेवा," मी म्हटलं.

"थट्टा नको," ती म्हणाली. "प्रस्थान ठेवते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्या दिवशी निघायचं तो दिवस वाईट असेल तर आधीचा चांगला दिवस बघून आपली बॅग दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. बॅग निघाली म्हणजे माणूस निघाला. मग वाईट दिवशी माणूस नुसता जाऊन तिला गाठतो. देवाच्या डोळ्यांत धूळच म्हणायची, पण आमच्याकडे जुनी रीत आहे. फक्त एक, ती बॅग परत आपल्या घरात येता कामा नये.

रस्त्याच्या टोकाला पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या देवळाजवळ एक तमिळ मामी एकट्या राहायच्या. जुन्या वळणाच्या बाई. त्यांना अस्कं माहीत. गुरुवारी सकाळी, चांगल्या वेळेला, बायको आणि मुलगी बॅग घेऊन त्यांच्याकडे गेल्या. मरून रंगाची रेक्झिनची बॅग, नवी, माझ्या मालकाने ओळखीच्या दुकानातून मिळवून दिलेली. आत मुलीच्या पावडा-दावण्या, म्हणजे परकर आणि ओढण्या, कंपासपेटी, चटणीपूड, निवडीचं पत्र. मामींनी बॅग देवघरात ठेवली, वर हळदीकुंकू लावलं, आणि मुलीला म्हणाल्या, "जा, तू आता बेंगळूरला पोचलीस."

शुक्रवारी रात्री मामी न्हाणीघरात पडल्या. कमरेचं हाड मोडलं.

हे आम्हाला कळलंच नाही. त्यांचा मुलगा आणि दिल्लीची सून त्याच आठवड्यात आलेले होते. ते मामींना घेऊन हॉस्पिटलला गेले. शनिवारी सून कपडे न्यायला घरी आली, तिला देवघरात एक परकी बॅग दिसली. बॅगेला बांधलेल्या चिठ्ठीवर आमचा पत्ता. मुलगी उद्या जाणार हे तिला सासूने आधी कधीतरी सांगितलेलं. घर आता बंद राहणार, मुलीची पंचाईत होईल, म्हणून त्या भल्या बाईने रिक्षावाल्याला पैसे देऊन बॅग आमच्याकडे पाठवली. दिल्लीत वाढलेली, तिला प्रस्थान काय कळणार? दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, किती विचारी बाई.

बायको लॉरीच्या रांगेत होती. मुलीने दार उघडलं, बॅग घेतली आणि आत आणून टेबलावर ठेवली.

मी दुकानातून आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. लग्नसराई, दिवसभर बसून पाय आखडलेले. घरात चूल पेटली नव्हती. बायको टेबलासमोर फरशीवर बसली होती, घागरी तशाच दारात भरलेल्या. मुलगी खिडकीशी. दोघींमध्ये बॅग.

"काय झालं?"

"ती जात नाही," बायको म्हणाली.

"कोण?"

"आपली पोर. जात नाही. तुम्ही टीचरना कळवा."

मी म्हटलं ना, मला स्वतःला हे गणित-बिणित नको होतं. टायपिंग हवं होतं. पण त्या क्षणी मला आनंद झाला नाही. पोरीचा चेहरा बघवत नव्हता. रडत नव्हती, नुसती भिंतीकडे बघत होती, गणित अडल्यावर बघायची तशी.

"अम्मा," ती म्हणाली, "मामा बॅगेमुळे गेला नाही. ड्रायव्हर झोपला होता."

"ड्रायव्हर त्याच दिवशी का झोपला?"

"बरं. त्या बसमध्ये आणखी माणसं होती ना? ती पण गेली ना? त्या अस्क्यांच्या बॅगा आदल्या दिवशी घरी परत आल्या होत्या का?"

मी मनात म्हटलं, पोरीने पकडलं. पण बायको हळूच म्हणाली, "मला त्यांच्या घरचं माहीत नाही. मला माझ्या आईच्या घरचं माहीत आहे."

मुलगी माझ्याकडे वळली. "अप्पा, तुम्ही बोला ना."

मला बोलता येत नाही. गिऱ्हाइकाशी येतं, घरात नाही. मी म्हटलं, "अगे, तुला नको तर नको पाठवू. तूच आई आहेस. पण तूच लिहून दिलंस की घरात ठेवून हिचं काही होणार नाही. आता घरात ठेव आणि रोज तिच्याकडे बघ. मला सांगू नकोस."

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आम्हाला वाटलं चूल पेटवायला. पेटवली नाही. आत अंधारात उभी होती. खाली टायपिंगचा शेवटचा वर्ग सुटत होता, एकेक मशीन बंद होत गेलं. मग ती बाहेर आली, ट्रंक उघडली, आणि बॅगेतलं सामान काढायला लागली. पावडा, दावण्या, पेटी, पत्र. मुलगी म्हणाली, "अम्मा, नको ना..." तिला वाटलं आता संपलं.

पण बायकोने माझ्या दुकानाच्या दोन पिवळ्या कापडी पिशव्या काढल्या. साडी घेतली की देतात त्या मंजप्पै, वर दुकानाचं नाव आणि लक्ष्मी. त्यांत मुलीचं अस्कं सामान भरलं, घट्ट, दाबून. "हे घेऊन जा," ती म्हणाली. "या पिशव्या कुठून परत आलेल्या नाहीत."

"मंजप्पै? अम्मा, तिथे मोठ्या शाळांची मुलं येतील."

"गणित पिशवीत करतात का?"

पोरगी हसली, रडत रडत हसली. मीही हसलो. सुटलो असं वाटलं. आणि मग मी बघितलं की बायको ट्रंकेतून आपल्या साड्या काढते आहे. लग्नातली एक, मी दिवाळीला आणलेली निळी एक, घरातल्या दोन. त्या तिने रिकाम्या झालेल्या बॅगेत नीट ठेवल्या. वर आपली कुंकवाची डबी ठेवली. झिप ओढली.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"रिकामी ठेवायची नसते."

"मग जुनी वर्तमानपत्रं घाल."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ज्याचं सामान, त्याची बॅग." आणि मुलीला जेवायला काय करू म्हणून विचारायला लागली, जसं काही झालंच नाही.

मुलीला ते कळलं नाही. ती पिशव्यांच्या गाठी बांधत होती. मला कळलं. मी मानत नाही म्हटलं ना. पण ती मानत होती, आणि मानून तिने पोरीवरचं ते आपल्यावर घेतलं होतं. उठून झिप उघडावी, साड्या बाहेर फेकाव्यात, असं आलं मनात. पण मग पोर गेली नसती. तर मी बसून राहिलो आणि पाय चोळले.

सकाळी मी मुलीला सेंट्रल स्टेशनला घेऊन गेलो. बायको दारात आली नाही. आतूनच म्हणाली, "मागे बघू नकोस, जा." गाडीत मुलगी बोलत होती आणि मी दर पुलावर खिडकीचा गज धरत होतो. बेंगळूरला त्या संस्थेच्या फाटकात मुलं उतरत होती, ट्रंका, सुटकेसी. आमची पोर दोन पिवळ्या पिशव्या घेऊन उभी. एका मुलाने विचारलं, "लग्नाला आलीस का?" ती म्हणाली, "हो, तुझ्या." मला वाटलं, ही जगेल.

तो महिना मात्र मी विसरणार नाही. पोर तिकडे, बॅग इकडे पोटमाळ्यावर. मुलीची कार्डं यायची, बरी आहे, जेवण बरं आहे, झोप कमी आहे. बायको कार्ड वाचायची आणि बाजूला ठेवायची. ती दुसऱ्याच कशाची तरी वाट बघत होती. एकदा भाताची पेज पायावर सांडली, फोड आले. मी धावलो तर ती म्हणाली, "बरं झालं." लॉरीच्या रांगेत पडली, गुडघा फुटला. "बरं झालं." ताप आला, चांगला चार-पाच दिवसांचा, डॉक्टरने टायफॉइड असेल म्हटलं, रक्त तपासलं, नव्हता. तिला जरा वाईटच वाटलं असावं. ती फेड करत होती आणि घेणारा पुरेसं घेत नव्हता. मी एकदा ओरडलो, "अगे, काय लावलंयस? पोर सुखरूप आहे!" ती म्हणाली, "म्हणूनच."

पोर परत आली. बारीक झालेली, काळवंडलेली, तोंड थांबेना. मोजून न संपणारं एक असतं आणि त्याहूनही मोठं दुसरं असतं, असलं काहीतरी सांगत होती. बायको मांडीवर हात ठेवून ऐकत होती. काही समजत नव्हतं, पण एक शब्द सोडला नाही. मामी मात्र त्या पडण्यातून उठल्या नाहीत. त्या गेल्याचं कळलं तेव्हा बायको पोटमाळ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना उगाच मधे आणलं."

बॅग काढू या का, असं मी एकदाच विचारलं. "नको. माझी आहे ती, मी बघते." त्यानंतर आम्ही मुलीच्या कॉलेजला गेलो, तिच्या नोकरीच्या गावी गेलो, तिच्या लग्नाला गेलो. ती नोकरी बेंगळूरलाच लागली, कॉलेजात गणित शिकवायची. पोरीचं अस्कं त्या महिन्यातून निघालं, हे खरं आहे. मी टायपिंग म्हणालो होतो. दर प्रवासाला बायको दुसरी बॅग घ्यायची. निळी साडी मला कधी परत दिसली नाही. पोटमाळा झाडताना ती बॅग उचलायची, खाली झाडायची आणि परत त्याच जागी ठेवायची. मी म्हणायचो, "साड्या कुजतील." ती म्हणायची, "रेशीम कुजत नाही, तुम्हीच गिऱ्हाइकाला सांगता."

गेल्या वर्षी तिला धाप लागायला लागली. जिना चढवेना. डॉक्टरने भरती करायला सांगितलं. मी हाताशी होती ती कॅनव्हासची बॅग घेतली. ती खाटेवर बसून म्हणाली, "ती नको. वरची काढा."

"कुठली?"

"तुम्हाला माहीत आहे."

मी काढली नाही. ती भांडली नाही. फक्त उठायला लागली, तशी धाप लागलेली, स्टूल ओढायला लागली. मग मी काढली. काय करणार होतो?

मुलगी बेंगळूरहून धावत आली. हॉस्पिटलात खाटेखाली बॅग बघून म्हणाली, "अम्मा, ही माझी ना? समर कोर्सची?"

"नाही गे," बायको म्हणाली. "तू मंजप्पै घेऊन गेलीस." आणि हसली. ते हसणं मी आयुष्यात तिच्या तोंडावर कमी वेळा बघितलं. हिशेब चुकता झाल्यासारखं. मला त्या हसण्याचा राग आला. अजून येतो.

हॉस्पिटलातून बॅग परत आली. मी रिक्षातून उतरवली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवली. पुढे नेववेना. मुलगी मागून आली, बॅग उचलली आणि वर नेऊन टेबलावर ठेवली. तेव्हा ठेवली होती तशीच. तिला काही नाही. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "अप्पा, झिप उघडू?" मी म्हटलं, "राहू दे."

आता मुलगी म्हणते तुम्ही इथे एकटे राहू नका, माझ्याकडे या, कायमचे. मी नाही म्हणून बघितलं. डोळे अधू झाले आहेत, दुकान सुटून वर्षं झाली, रस्त्यावर आता टायपिंगही नाही. शेवटी हो म्हटलं. तिने तिकीट काढलं. सोमवारी तिचं कॉलेज असतं, म्हणून रविवारचं. मी म्हटलं, "रविवार नको."

"का, अप्पा? तुम्ही तर मानत नाही."

"नाही मानत."

"मग?"

"मग काही नाही. रविवारच राहू दे."

फोन ठेवला आणि बॅग समोर घेऊन बसलो. ही बॅग बेंगळूरला जायला म्हणून भरली होती. कधी पोचलीच नाही. साड्यांना हात लावला नाही. त्यांच्यावर माझे शर्ट, धोतरं, गोळ्या ठेवल्या. झिप जरा अडली, पण बसली. ज्याचं सामान, त्याची बॅग.

प्रस्थान ठेवायला मामी नाहीत. त्यांच्या घराच्या जागी फ्लॅट उभे आहेत, देऊळ तेवढं आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे बॅग ठेवू म्हणून विचारलं तर लोक कुलूप तपासतील. म्हणून काल, गुरुवारी, चांगली वेळ बघून त्या देवळाजवळच्या फ्लॅटच्या वॉचमनकडे नेली. तो बिहारकडचा पोरगा.

"पार्सल है क्या, सार?"

"नाही. ठेव. रविवारी सकाळी मी येऊन घेईन."

त्याने खुर्चीखाली सरकवली. मी चार पावलं गेलो आणि परत फिरलो. त्याला नीट समजावून सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत, दोनदा. कुणीही सांगितलं, कितीही भल्या माणसाने सांगितलं, तरी ती माझ्या घरी आणून द्यायची नाही.